ॲडमिनसाहेब, दाराला कडी लावा!

सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. कुरिअरवाला आला की रजिस्टरमध्ये नाव, नंबर, वेळ, फ्लॅट. स्वयंपाकाच्या मावशींना पास. पाहुणा आला तर वर फोन करून विचारणा. आणि त्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-अडीचशे नंबर असतात. त्यातले तीस-चाळीस कुणाचे, असं ॲडमिनला विचारा. उत्तर येतं, "असेल कुणीतरी भाडेकरू." दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला भाडेकरू, फ्लॅट दाखवायला आलेला एजंट, टँकरवाला... आणि एक नंबर असा, ज्याला नाव नाही, फोटो नाही आणि जो आजवर एक शब्द बोललेला नाही.

त्या न बोलणाऱ्या नंबरबद्दल ही पोस्ट आहे. लांब आहे, पण वाचा. तुम्ही कुठल्याही ग्रुपचे ॲडमिन असाल, म्हणजे शाळेच्या बॅचचा, गावकीचा, गणपती मंडळाचा, भजनी मंडळाचा, वधू-वरांचा, शेतकऱ्यांचा, फेसबुकवरच्या ‘पुण्यात रूम हवी’वाल्यांचा, तर जरूर वाचा. थोडी टोचेल. टोचावी म्हणूनच लिहिली आहे.

माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगतो. भामट्यांना आपल्यापर्यंत आणणारा सगळ्यात सोपा रस्ता आपण स्वतः बांधलेल्या ग्रुपांमधून जातो. तो रस्ता राखणं ही ॲडमिनची जबाबदारी आहे, ती झटकता येणार नाही. आणि सगळं ॲडमिनच्या आणि फसलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकून कंपन्या आणि सरकार हात झटकणार असतील, तर तेही चालू द्यायचं नाही.

आधी आकडे बघू, म्हणजे "उगाच बाऊ करतोय" म्हणणाऱ्यांचं समाधान होईल. केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार, सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ साली हाच आकडा २२,८४५ कोटी झाला. एका वर्षात तिप्पट! आणि ही फक्त नोंदवलेली प्रकरणं. लाजेनं गप्प बसलेल्यांचा हिशोब यात नाही.

भामट्याला तुमचा ग्रुप कशाला हवा असतो?

तीन गोष्टींसाठी. यादी, ओळख आणि गर्दी.

पहिली यादी. ग्रुपमध्ये शिरलेल्या माणसाला काहीही न बोलता सगळ्यांचे नंबर मिळतात. बहुतेकांची नावं आणि फोटो मिळतात. चार दिवस नुसतं वाचत बसलं तरी कोण एकटं राहतं, कुणाचा मुलगा अमेरिकेत आहे, कोण नुकतं रिटायर झालंय, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचं गॅस कनेक्शन अडकलंय, हे सगळं कळतं. मग एक दिवस फोन येतो तो "काका, तुमच्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासंदर्भात बोलतोय" असाच येतो. काका म्हणतात, "याला कसं कळलं मी पेन्शनर आहे? म्हणजे ऑफिसातूनच असणार." अहो काका, मागच्याच आठवड्यात तुमच्या सेवापूर्तीच्या सत्काराचे अठरा फोटो ग्रुपवर पडले होते!

यात सगळ्यात भयंकर प्रकार वधू-वर ग्रुपांचा. आपल्याकडचा बायोडाटा एकदा परक्याच्या नजरेनं वाचून बघा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, शिक्षण, कंपनी, पगार, वडिलांचा व्यवसाय, शेती किती एकर, फ्लॅट कुठे, मामांचं आडनाव आणि गाव, घरचा पत्ता, दोन मोबाइल नंबर. आणि वर मुलीचा पूर्ण उंचीचा फोटो. बँकसुद्धा एवढी माहिती एका फॉर्मवर मागत नाही. ही पीडीएफ आपण हजार अनोळखी माणसांच्या ग्रुपवर टाकतो, आणि ती तिथून आणखी दहा ग्रुपवर जाते. मग त्याच फोटोंवरून खोटी ‘स्थळं’ तयार होतात. "मुलीकडच्यांचा नंबर हवा असेल तर आधी नोंदणी फी भरा" म्हणणारा एजंट उगवतो. पैसे भरले की एजंटही गायब, स्थळही गायब. ज्या मुलीचा फोटो वापरला तिला याचा पत्ताही नसतो. ॲडमिन मात्र ग्रुपच्या नावापुढे अभिमानानं लिहितो: ‘मोफत समाजसेवा’.

दुसरी ओळख. ही यादीपेक्षा मोलाची. अनोळखी नंबरवरून आलेली लिंक आता बरेच जण उघडत नाहीत, एवढी जाग आली आहे. म्हणून भामट्यानं पद्धत बदलली. तो तुमच्याच ओळखीच्या माणसाच्या तोंडून बोलतो. ग्रुपवर एक फाइल येते. नाव असतं ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान यादी’ किंवा एखाद्या बँकेचं. शेवटी तीन अक्षरं असतात: एपीके. म्हणजे ती पत्रिकाही नाही आणि यादीही नाही, ते अँड्रॉइड फोनवर बसणारं ॲप आहे. तुम्ही ‘परवानगी द्या, परवानगी द्या’ करत गेलात की ते तुमचे एसएमएस वाचायला लागतं. एसएमएसमध्ये काय येतं? बँकेचा ओटीपी. पुढे तुमच्याच फोनवरून, तुमच्याच नावानं, तीच फाइल तुमच्या बाकीच्या ग्रुपांवर जाते. त्या ग्रुपांवरचे लोक म्हणतात, "सरांनी पाठवलीय म्हणजे खरीच असणार." झालं, साखळी सुरू.

दुसरा प्रकार सहा आकडी कोडचा. "अरे, चुकून तुझ्या नंबरवर माझा एक कोड आलाय, जरा पाठव ना." मित्राच्या नंबरवरून आलेला मेसेज. तुम्ही पाठवता. तो कोड तुमच्याच व्हॉट्सॲपच्या किल्लीचा असतो. पाच मिनिटांत तुमचं खातं त्याच्याकडे, आणि तुमच्या नावानं ग्रुपवर मेसेज: "हॉस्पिटलमध्ये आहे, जीपे चालत नाहीये, वीस हजार पाठवता का, संध्याकाळी देतो." वीस हजार पाठवणारा माणूस लोभी नसतो हो. तो चांगला मित्र असतो. इथे भामटा त्याच्या चांगुलपणावर हात मारतो.

तिसरी गर्दी. इथे तुमचा ग्रुप नुसता दरवाजा असतो. तुमच्या ग्रुपवर एक लिंक पडते: ‘फ्री शेअर मार्केट क्लास, मराठीतून’. ती दाबली की तुम्ही दुसऱ्या ग्रुपवर जाता. तिथे दीडशे लोक. रोज कुणीतरी लिहितंय, "सर, आज अठरा हजार सुटले, धन्यवाद!" कुणी बँकेच्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट टाकतंय, कुणी "मी आधी घाबरले होते, पण..." अशी कहाणी सांगतंय. त्या दीडशेतली बरीचशी मंडळी एकाच टोळीची असतात. खरं गिऱ्हाईक तुम्ही आणि तुमच्यासारखे मूठभर. पूर्वी जत्रेत तीन पत्त्यांचा खेळ मांडून बसलेला माणूस असायचा, आणि भोवती उभं राहून "अरे वा, मी जिंकलो!" ओरडणारे त्याचेच दोघं-तिघं साथीदार. खेळ तोच आहे. फक्त आता साथीदार शंभर आहेत आणि जत्रा चोवीस तास चालू आहे.

याच्या जोडीला बनावट व्हिडिओ. राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख आशिषकुमार चौहान यांचे शेअर सुचवणारे खोटे व्हिडिओ फिरायला लागल्यावर, एप्रिल २०२४ मध्ये खुद्द एनएसईला इशारा काढावा लागला होता. चेहरा खरा, आवाज खरा वाटणारा, बोलणं साफ खोटं. असा व्हिडिओ अनोळखी नंबरवरून आला तर माणूस दोनदा विचार करतो. बॅचच्या ग्रुपवर आला की करत नाही.

"मी काय पोलीस आहे का?"

ॲडमिनला काही बोललं की हे वाक्य हमखास येतं. त्यातले जरा वाचणारे असतात ते पुढे कायदाही सांगतात, "हायकोर्टानं म्हटलंय, सभासदाच्या पोस्टला ॲडमिन जबाबदार नाही."

म्हटलंय, बरोबर आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं. सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरवलेला कट दिसत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्हा लादता येत नाही. माझ्या मते निकाल योग्यच आहे. नाहीतर कुणी ग्रुपच चालवला नसता.

पण गुन्हेगार नसणं आणि जबाबदार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाच्या हॉलमध्ये दागिने चोरीला गेले तर यजमानाला अटक होत नाही. म्हणून यजमान दारावर कुणाला उभं करत नाही का? करतो. कारण माणसं त्याच्या नावावर तिथे आलेली असतात. तुमच्या ग्रुपवर माणसं तुमच्या नावावर आहेत. "देशपांडे सरांचा ग्रुप आहे, फालतू काही येत नाही," असं लोक म्हणतात तेव्हा ती तुमची पत असते. भामटा नेमकी तीच पत वापरतो.

आणि ॲडमिनपदाची हौस काही कमी नाही बरं का! ग्रुपचं नाव बदलायला ॲडमिन, वाढदिवसाचा फोटो डीपीला लावायला ॲडमिन, राजकीय पोस्ट टाकली म्हणून कुणाला काढायला ॲडमिन तत्पर. ‘आपला ग्रुप १,०२४ फुल्ल, आता ग्रुप नंबर २!’ हे जाहीर करायलाही ॲडमिन. मग त्या १,०२४ पैकी आपण किती जणांना ओळखतो, हा प्रश्न विचारला की लगेच "मी काय पोलीस आहे का?" पोलीस नाही आहात हो. पण गुरखा तरी व्हा!

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला समजते. अडचण भिडेची आहे. चुलत सासऱ्यांनी टाकलेली लिंक डिलीट कशी करायची? माजी मुख्याध्यापकांना "सर, ही फाइल घातक आहे" कसं म्हणायचं? अध्यक्षांच्या मेव्हण्याची ‘गुंतवणूक योजना’ ग्रुपवर नको, हे कुणी सांगायचं? आपल्याकडे म्हणच आहे, भीड ही भिकेची बहीण. इथे तर ती शब्दशः खरी ठरते. एका माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपण दोनशे माणसांचे खिसे उघडे टाकतो.

"लोभी होते, भोगतील!"

दुसरा वर्ग या मंडळींचा. कुणी फसल्याची बातमी आली की खाली यांच्या कमेंट तयार असतात. "शिकलेले असून एवढी अक्कल नाही?" "फुकटचं हवं असतं लोकांना." एक हसणारी इमोजी. दोन हात जोडलेले.

लोभी लोक फसतात, हे खरं. पण फक्त तेच फसत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांना कुठला लोभ होता? त्यांना तर भीती दाखवली गेली. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, सीबीआय बोलतेय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका." अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. प्रकरण इतकं वर गेलं, आणि आपण अजून "अक्कल नाही" म्हणतोय. हॉस्पिटलसाठी मित्राला वीस हजार पाठवणाऱ्याला लोभ होता? पीएम किसानचा हप्ता का अडकला, हे बघायला फाइल उघडणाऱ्या शेतकऱ्याला लोभ होता? लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि लगेच तिच्या नावाच्या खोट्या वेबसाइट फिरायला लागल्या. "मुदत संपतेय, लवकर करा" म्हणून बचत गटाच्या ग्रुपवर आलेली लिंक उघडणाऱ्या बाईला आपले हक्काचे दीड हजार हवे होते. त्याला लोभ म्हणायचं?

या टोमण्यांचा खरा तोटा काय होतो ते सांगतो. फसलेला माणूस गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, मुलाला सांगत नाही, ग्रुपवर तर अजिबात नाही. आणि ऑनलाइन फसवणुकीत वेळ हेच सगळं असतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात काही तासांत जातात. पहिल्या तास-दोन तासांत १९३० वर फोन गेला तर मधल्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. तिसऱ्या दिवशी गेला तर वरातीमागून घोडं. तीन दिवस तो माणूस काय करत होता? "लोक काय म्हणतील" याचा विचार. लोक म्हणजे कोण? आपणच, त्या इमोजीवाले.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण पुढच्यानं ठेच लागल्याचं लपवलं तर मागचा शहाणा होणार कसा? ज्या ग्रुपवर फसलेल्याला हसतात, त्या ग्रुपवर पुढचे दहा जण फसतात. कारण पहिल्यानं सांगितलेलंच नसतं.

आता कंपन्यांकडे

इथवर वाचून कंपन्यांचे वकील खूश झाले असतील. "बघा, वापरणाऱ्यांचीच जबाबदारी!" थांबा.

व्हॉट्सॲपचं नेहमीचं उत्तर असतं की मेसेज एन्क्रिप्टेड आहेत, आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. ठीक. मलाही माझे मेसेज कुणी वाचलेले नको आहेत. पण जाहिराती एन्क्रिप्टेड असतात का? फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर ‘या ग्रुपला जॉइन व्हा, महिन्यात दुप्पट’ अशी जाहिरात चालते. ती कंपनीला दिसते, कंपनी ती स्वतःच्या यंत्रणेतून पास करते, आणि तिचे पैसे घेते.

रॉयटर्सनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे दिलेली बातमी प्रत्येक ॲडमिननं वाचायला हवी. त्या कागदपत्रांनुसार, २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के भाग, म्हणजे जवळपास १६ अब्ज डॉलर, फसव्या योजनांच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा अंदाज कंपनीनंच बांधला होता. फसवणुकीची दाट शंका असलेल्या जाहिराती तिच्या व्यासपीठांवर दिवसाला सुमारे १५ अब्ज वेळा दाखवल्या जात होत्या. आणि कडी म्हणजे, जाहिरातदार भामटा असल्याची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचं. खात्री त्याहून कमी पण संशय आहे, तर त्याच्याकडून जास्त दर घ्यायचा! कंपनीनं यावर खुलासा केला की तो १० टक्क्यांचा अंदाज ढोबळ आणि वाजवीपेक्षा जास्त धरलेला होता. बरं, निम्मा धरा. पाव धरा. तरी तो पैसा कुणाच्या खिशातून आला?

हॉलच्या मालकानं एखाद्या भाडेकरूबद्दल "हा चोर असावा" असं म्हणत भाडं वाढवून घ्यावं आणि किल्ली त्याच्या हातात द्यावी, तसं हे आहे. कुंपणच शेत खातंय, आणि आपण बुजगावण्याला दोष देतोय.

व्हॉट्सॲपनं २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणुकीच्या अड्ड्यांशी जोडलेली ६८ लाख खाती बंद केली, असं कंपनीच सांगते. म्हणजे मनात आणलं तर ओळखता येतात. मेसेज न वाचता ओळखता येतात. एका दिवसात शेकडो अनोळखी लोकांना ग्रुपमध्ये ओढणारा नंबर, काल सुरू झालेलं आणि आज दोनशे ग्रुपांवर तीच फाइल पाठवणारं खातं, हे वागण्यावरून दिसतं. मग सामान्य ग्रुपवर एपीके फाइल आपोआप अडवायला काय हरकत आहे? लग्नपत्रिका कुणी ॲप म्हणून पाठवतं का? नवीन ग्रुप करताना ‘सभासदांना ॲडमिनची मंजुरी’ हे बटण आधीपासून चालू का नसतं? कारण दार उघडं असलं की गर्दी वाढते, आणि कंपनीचा धंदा गर्दीचा आहे.

आणि सरकार

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १९३० ही हेल्पलाइन आहे, तक्रारीचं राष्ट्रीय पोर्टल आहे, संशयित कॉल आणि मेसेज कळवायला संचार साथीवर ‘चक्षू’ आहे, नवी मुंबईत महापे इथे राज्याचं सायबर केंद्र उभं राहिलं आहे. सेबीनं ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंडांसाठी ‘@वॅलिड’ असलेले यूपीआय पत्ते सुरू केले, म्हणजे पैसे खऱ्या संस्थेला जातायत की नाही हे कळावं. चांगलं आहे.

पण हिशोब बघा. पैसे अडवण्याची जी यंत्रणा २०२१ पासून चालू आहे, तिनं जुलै २०२५ पर्यंत एकूण वाचवलेली रक्कम साडेपाच हजार कोटींच्या आत-बाहेर आहे. चार वर्षांत वाचवले ते एका वर्षात गेलेल्यांच्या चौथ्या हिश्श्याएवढे. बाकी जनजागृती! अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती कॉलर ट्यून आठवते ना? ॲम्ब्युलन्सला फोन लावतानाही आधी ती ऐकायची. लोक इतके वैतागले की जून २०२५ मध्ये ती बंद करावी लागली. सगळ्यांना तेच ते ऐकवण्यापेक्षा, वयस्कर माणसाच्या खात्यातून आयुष्यात पहिल्यांदाच एका दिवसात चार अनोळखी खात्यांवर लाखो रुपये जात असतील, तेव्हा ते तासभर रोखून घरच्या माणसाला फोन करण्याची सोय झाली असती तर जास्त पैसे वाचले असते.

आणि नुकसानीचं काय? रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देतं, पण ओटीपी वगैरे ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. (म्हणूनही लगेच कळवा!) ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की माणसानं फसून स्वतःच्या हातानं पैसे पाठवले, तरी बहुतेक प्रकरणांत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई द्यायची, आणि ती पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेनं निम्मी-निम्मी सोसायची. मुद्दा नीट समजून घ्या. भामट्याचं खातं ज्या बँकेनं उघडू दिलं तिलाही झळ बसते. झळ बसली की बँक खातं उघडताना माणूस नीट बघते. आपल्याकडे ही झळ फक्त एकाला बसते, फसलेल्याला.

ही खाती कुठून येतात? तीही ग्रुपांवरूनच! ‘तुमचं बँक खातं भाड्यानं द्या, महिना दहा हजार’ असले मेसेज कॉलेजच्या पोरांच्या टेलिग्राम ग्रुपवर फिरतात. पोरगं खातं देतं, सिमकार्ड देतं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या राज्याचे पोलीस दारात उभे राहतात. परदेशातल्या ‘डेटा एन्ट्री’च्या नोकऱ्यांचं तसंच. म्यानमारमधल्या सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांवरून सुटलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना मार्च २०२५ मध्ये विमानांनी परत आणावं लागलं. नोकरीच्या आमिषानं तिकडे नेलेली ही माणसं. म्हणजे फोनच्या त्या टोकाला बसलेलाही कधी कधी कुठल्यातरी मेसेजला फसून गेलेलाच असतो.

मग करायचं काय?

कंपनी आणि सरकार हलतील तेव्हा हलतील. त्यांच्यामागे लागायचंच. पण तुमच्या ग्रुपची कडी आज रात्री तुम्ही लावू शकता. पंधरा मिनिटांचं काम आहे.

१. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन नवीन सभासदाला ॲडमिनची मंजुरी सक्तीची करा. ग्रुपची जुनी लिंक रीसेट करा. ती लिंक फेसबुकवर, फ्लेक्सवर, बायोडाट्याच्या खाली छापलेली असते, कुणाकुणाकडे आहे ते देवाला माहीत.

२. एक रविवार काढून सभासदांची यादी वाचा. नाव नसलेल्या प्रत्येक नंबरला विचारा, "आपण कोण? कुणाच्या ओळखीनं?" तीन दिवसांत उत्तर नाही, तर नमस्कार. बंद पडलेले नंबर काढा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो.

३. ॲडमिन दोन-तीनच ठेवा, आणि त्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन असलाच पाहिजे. ॲडमिनचंच खातं गेलं तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

४. एपीके फाइल दिसली की विचारत बसू नका, सगळ्यांसाठी डिलीट करा. ॲडमिनला तो अधिकार आहे. मग ज्याच्या नंबरवरून आली त्याला साधा फोन लावा, त्याचा मोबाइल बिघडलेला असणार. फोन दुरुस्त होईपर्यंत त्याचा नंबर ग्रुपबाहेर. यात अपमान नाही. अंगात ताप असला की पोराला शाळेत पाठवत नाही, तसंच.

५. मदतीचं आवाहन, मग ते कितीही करुण असो, दोन ॲडमिननी स्वतः फोनवर खात्री केल्याशिवाय ग्रुपवर राहणार नाही. क्यूआर कोड तर अजिबात नाही. खऱ्या आवाहनातला कोड बदलून तेच पुढे पाठवणारे आहेत. पैसे शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यावर.

६. शेअर टिप्स, क्रिप्टो, ‘लाइक करा पैसे कमवा’, खातं भाड्यानं, परदेशी नोकरी: बंद. कुणीही टाको. अध्यक्षांचा मेव्हणा असला तरी. बोलायला जड जात असेल तर नियम लिहून पिन करा आणि नियमाकडे बोट दाखवा. नियमाला भीड नसते.

७. वधू-वर ग्रुपवाल्यांनो, बायोडाट्यातून जन्मतारखेचा दिवस, पत्ता, पगाराचा नेमका आकडा आणि मामांची वंशावळ काढा. पत्रिका जुळवायची तेव्हा समोरासमोर द्या. फोटो मागणाऱ्याला आधी फोनवर बोलू दे.

८. १९३० हा नंबर ग्रुपच्या वर्णनात लिहा, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या वर. आणि कुणी फसल्याचं सांगितलं तर पहिलं वाक्य एकच असायला हवं: "१९३० ला फोन केलात का? बँकेला कळवलंत का? चला, आत्ता करू." उपदेश पुढच्या आठवड्यात.

यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. थोडा वाईटपणा घ्यावा लागतो, बस्स. "एवढं काय, आपलीच माणसं आहेत" म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, आपली माणसं आहेत म्हणूनच. परक्यांसाठी एवढी उठाठेव कोण करतं?

ही पोस्ट पुढे पाठवायची असेल तर सगळ्या ग्रुपांवर ढकलू नका. तुमच्या ग्रुपच्या ॲडमिनला वेगळी पाठवा आणि खाली एकच प्रश्न लिहा: "आपल्या ग्रुपवर तो नाव नसलेला नंबर कुणाचा आहे?"

उत्तर आलं तर उत्तम. "असेल कुणीतरी" असं आलं, तर पुन्हा विचारा.